हिरवी की निळी

३ फेब्रुवारी, शुक्रवार

गाडी रंगवून आली एकदाची. रंगवाल्याने आठवड्याचं काम महिन्यावर नेलं, पण केलंय झकास. त्याला तोंडावर सांगितलं नाही, नाहीतर पुढच्या वेळी डोक्यावर बसेल. रंग ठरवताना त्याने माझ्यापुढे हिरव्याचे डबेच्या डबे उघडले आणि शेवटी वैतागून म्हणाला, “साहेब, पोपटी, पानाचा की बाटलीचा, एकदा काय ते सांगा ना.” मी म्हटलं, आमच्या वडिलांच्या, आबांच्या गाडीचा हिरवा दे. आता तो बिचारा आबांना कुठून ओळखणार! शेवटी मी डोळे मिटून उभा राहिलो आणि उघडल्या उघडल्या ज्या डब्याकडे नजर गेली तो घे म्हणालो.

ही बाहेर आली, गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाली, “छान झालीय हो. पण दादा तर निळी म्हणायचे ना?”

झालं! दादा जन्मभर निळी म्हणत आला म्हणून गाडी निळी होते का? लहानपणापासूनचं भांडण आहे ते. घरात त्या गाडीचे चार-पाच फोटो आहेत, सगळे काळे-पांढरे, त्यामुळे कुणाचंच तोंड बंद करता येत नाही. मी मागच्या सीटवर बसायचो, खिडकीतून हात बाहेर टाकून दाराच्या पत्र्यावर ताल धरायचो. तो पत्रा माझ्या डोळ्यांसमोर आहे. हिरवा.

आबा गेले आणि महिनाभरात दादाने ती विकून टाकली. मला विचारलं नाही, सांगितलंही नाही. मी कामासाठी परगावी होतो, परत आलो तर दाराशी तेलाचा डाग तेवढा उरला होता. त्या दिवशी आम्ही दोघे जे काही बोललो ते शेवटचं. अकरा वर्षं झाली.

मग मी तसलीच दुसरी शोधून काढली. तीच बनावट, तेच साल. भंगारातच होती म्हणायची. तिला उभी करण्यात माझे रविवार गेले आणि हिचा जीव गेला. आता पंधरवड्याने तळ्याकाठी जुन्या गाड्यांचा दोन दिवसांचा मेळावा आहे, त्यात नाव घातलंय. पहिल्यांदाच जातोय. दादा तिथे दरवर्षी जातो हे मला ठाऊक आहे. त्यानेही म्हणे तसलीच गाडी घेतलीय. पण त्याच्या जाण्याचा आणि माझ्या जाण्याचा काडीचा संबंध नाही. इतका खर्च करून रंगवलेली गाडी चार लोकांनी बघायला नको?

७ फेब्रुवारी, मंगळवार

चष्म्याच्या दुकानात गर्दी. दुपारी एक निवृत्त मुख्याध्यापिका आल्या. बोलत होत्या माझ्याशी आणि बघत होत्या माझ्या कानाकडे. दुकानातली नवी मुलगी मला हळूच म्हणते, “काय तोरा आहे बाईंचा! तुमच्याकडे बघायलाही तयार नाहीत.” बाई गेल्यावर तिला नीट समजावलं. म्हटलं, अगं, त्यांच्या डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजलाय. समोर धरलेलं दिसत नाही, कडेचं दिसतं. म्हणून अशी माणसं आपल्याला बघायची असली की तोंड दुसरीकडे करतात. लोकांना वाटतं भाव खातायत. चष्म्याने त्यात फरक पडत नाही. आपण फार तर भिंग देऊ शकतो आणि चार शब्द बरे बोलू शकतो.

मुलीने जीभ चावली. मला जरा बरं वाटलं. इतकी वर्षं काचा घासल्या त्या काही उगाच नाही.

१० फेब्रुवारी, शुक्रवार

वहिनींचा हिला फोन आला होता. दोघी जावा बोलतात अधूनमधून, मी कान देत नाही. आज जेवताना ही म्हणाली, “मोठ्या आकड्यांचं भिंतीवरचं घड्याळ कुठे मिळतं, विचारत होत्या.”

“मला काय विचारता? मी चष्मे विकतो. घड्याळजीला विचारा म्हणावं.”

ही काहीतरी बोलणार होती, पण बोलली नाही. भाजी वाढली आणि उठून गेली. हिचं हे अलीकडे फार चाललंय. वाक्य सुरू करते आणि पाणी प्यायला उठते.

संध्याकाळी मेळाव्याचे मागच्या वर्षीचे फोटो बघितले. म्हणजे सहज बघितले. दादाची गाडी दिसली. निळी! अगदी आकाशासारखी निळी, बघवत नाही. आणि चालवायला कोण, तर वहिनी. हा बाजूच्या सीटवर काळा चष्मा लावून राजासारखा बसलाय. ज्या माणसाने मला स्टिअरिंगला हात लावू दिला नाही, चावी उशाखाली घेऊन झोपायचा, तो आता बायकोला ड्रायव्हर करून बसलाय! म्हातारपणी माणसं ऐदी होतात ती अशी.

बारीक झालाय पण. गळ्याशी शर्ट ढगळ दिसतोय.

१४ फेब्रुवारी, मंगळवार

केस कापून आलो. न्हाव्याने विचारलं, लग्नकार्य आहे का घरात? म्हटलं, माणसाने उगाच केस कापू नयेत का?

नवा शर्ट घेतला. पिवळा. हिला विचारलं कसा दिसतो, तर म्हणाली, “लांबून दिसतो.” आणि मग स्वतःशीच, “ते बरंच आहे.” या बोलण्याचा अर्थ मला लागला नाही.

१७ फेब्रुवारी, शुक्रवार

उद्या पहाटे निघायचं. बॅग भरून झाली. टायरमध्ये हवा, पाणी, तेल सगळं दोनदा बघितलं. मेस्त्री म्हणतो, आता तिसऱ्यांदा बघाल तर तीच तुम्हाला म्हणेल सोडा मला.

मनात येतंय की जाऊच नये. समोर आला तर काय बोलायचं? आधी त्याने बोलावं. मोठा तो आहे, गाडी त्याने विकली. मी तर सहज आलोय असं दाखवायचं. हो, कोण, दादा होय? अरे वा, तूही इथेच? असं. आरशासमोर दोनदा म्हणून बघितलं. ही दारात उभी होती ते नंतर कळलं.

मला दादाची आठवण येते. घ्या, लिहिलं एकदाचं. गाडीची येते तितकीच येते, आणि खरं सांगायचं तर गाडी तयार झाली तशी ती कमी व्हायला हवी होती, ती वाढलीच आहे. नवीन रंगाची गाडी दारात उभी आहे आणि कुणीच म्हणत नाही, “बारक्या, हा काय रंग दिलास, डोळे फुटले का तुझे?”

१८ फेब्रुवारी, शनिवार

इथे आलोच नसतो तर बरं झालं असतं.

तसा सोहळा मात्र बघण्यासारखा आहे. तळ्याच्या काठी मोठं मैदान, त्यात गाड्याच गाड्या. सगळ्यांची बॉनेटं उघडी, आणि म्हातारे त्यात डोकी घालून वाकलेले. तळ्याकडे एकाचंही तोंड नाही. व्यवस्था बघणारे एक गृहस्थ आहेत, त्यांच्या गळ्यात शिट्टी असते आणि सगळे त्यांना शिट्टीच म्हणतात. ते नुसत्या शिट्टीवर गाड्या मागे-पुढे करवतात. गाड्या लावायच्या त्या सालाप्रमाणे, जुनी आधी, नवी नंतर. एकाच सालाच्या, एकाच बनावटीच्या असतील तर शेजारी शेजारी. हे मला आधी माहीत असतं तर!

मी गाडी लावली, फडकं मारलं, तेवढ्यात शेजारी निळी येऊन थांबली.

वहिनी उतरल्या. “भावजी!” म्हणाल्या आणि त्यांचे डोळे भरून आले. हिने पुढे होऊन त्यांना जवळ घेतलं. मग दादा उतरला. दाराला धरून उभा राहिला आणि गाडीच्या पत्र्यावरून हात फिरवत फिरवत पुढे आला, जसं काही मालकी दाखवायची होती. काळा चष्मा तसाच. फ्रेम दुसऱ्याच कुठल्या दुकानातली, एका कानावर वर आणि एका कानावर खाली. सख्खा भाऊ चष्म्याच्या धंद्यात आणि हा वाकडी फ्रेम लावून हिंडतोय!

मी त्याच्या अगदी पुढ्यात उभा होतो. तो पिवळा शर्ट घालून. हात लांब केला असता तर लागला असता. आरशासमोर म्हटलेलं सगळं विसरलो. आणि त्याने काय करावं? माझ्याकडे तोंड केलं, क्षणभर थांबला, आणि सरळ मान वळवून तळ्याकडे बघायला लागला. एवढ्या लोकांत एकटा तोच तळ्याकडे बघत होता.

अकरा वर्षांनी! मी पाय आपटत तिथून निघालो तो थेट खोलीवर.

संध्याकाळी शिट्टी आले. यांच्याकडे एक पद्धत आहे म्हणे. रविवारी सकाळी सगळ्या गाड्या ओळीने घाटाची फेरी मारतात, आणि जो पहिल्यांदा आलेला असतो त्याच्या शेजारी एक जुना सभासद बसतो. गाडीचा आवाज ऐकतो, काय दुखतंय-खुपतंय ते सांगतो. त्याला इथे ‘कान’ म्हणतात. आणि माझा कान कोण? दादा.

“अहो, त्यांनीच मागून घेतलं,” शिट्टी म्हणाले. “महिन्यापूर्वीच, तुमचं नाव यादीत आलं तेव्हा. आणि त्यांच्यासारखा कान आमच्याकडे दुसरा नाही. गेल्या दोन वर्षांत तर फारच तयार झालाय.”

म्हणजे ठरवून! लोकांदेखत मान वळवायची आणि मग माझ्याच गाडीत बसून माझ्याच गाडीला नावं ठेवायची. मी हिला म्हटलं, उद्या माझं पोट दुखणार आहे. ही एरवी अशा वेळी चिडते. आज माझ्या शेजारी येऊन बसली आणि म्हणाली, “जा हो तुम्ही. भांडायचंच असेल तर गाडीत भांडा. पण जा.”

१९ फेब्रुवारी, रविवार

घरी आलोय.

सकाळी दादा वहिनींचा हात धरून माझ्या गाडीपर्यंत आला. मी इंजिन चालू करून समोर बघत बसलो होतो. मडगार्डवरून हात फिरवत तो दारापाशी आला, मूठ सापडायला त्याला जरा वेळ लागला. बसला.

“बिजागरीला तेल दे,” म्हणाला.

अकरा वर्षांनंतरचा पहिला शब्द म्हणजे बिजागरी! मी म्हटलं, “देतो.”

शिट्टी वाजली, ओळ हलली. पहिलं वळण गेलं. मग तो म्हणाला, “झडपा जरा वाजतायत. मेस्त्रीला दाखव.”

“बरं.”

“आणि दुसऱ्यातून तिसऱ्यात टाकताना अजून उडी मारतोस.”

“ही गाडीच तशी आहे.”

“गाडी नाही, तूच तसा आहेस.”

मला राग यायला हवा होता. आला नाही. त्याने समोर हात नेऊन चाचपत चाचपत कप्पा शोधला. या बनावटीत तो कप्पा कधी धड लागत नाही, झाकण लोंबतच राहतं. दादाने ते वर केलं आणि मुठीने दोन ठोसे दिले, एक जोरात, एक हळू. आबा द्यायचे तसे. कप्पा लागला. मी इतके दिवस त्याच्यापायी स्क्रू बदलत होतो आणि हे दोन ठोसे साफ विसरलो होतो.

घाटाचा चढ संपून उतार लागला. मी काही म्हणालो नव्हतो, पण दादा आपणहून म्हणाला, “बंद कर.”

“काय?”

“इंजिन रे. उतार आलाय ना? आबांनी कधी चालू ठेवलं होतं?”

मी चावी फिरवली. एकदम शांत झालं. नुसता वारा आणि टायरचा आवाज. आम्ही दोघे म्हातारे, खाली खाली घरंगळत चाललो होतो. मागून शिट्टी जिवाच्या आकांताने शिट्टी मारतायत, कारण इंजिन बंद करायला इथे सक्त मनाई आहे. दादा हसायला लागला. मग मीही. त्याचं ते हसणं, आधी खांदे हलतात आणि मागून आवाज येतो, ते तसंच आहे. मी रस्त्याकडे बघत होतो, पण रस्ता नीट दिसत नव्हता.

खाली चहासाठी सगळे थांबले. मी दोन कप आणले, दादासमोर उभा राहिलो आणि विचारलं, “साखर चालते ना?”

त्याने माझ्याकडे तोंड केलं. आणि मग मान वळवून शेजारच्या झाडाकडे बघत म्हणाला, “कमी.”

मी कप धरून तसाच उभा. त्या मुख्याध्यापिका बाई. माझ्या कानाशी बोलणाऱ्या. दुकानातल्या मुलीला मी छाती फुगवून काय काय सांगितलं होतं. मोठ्या आकड्यांचं घड्याळ. वहिनी स्टिअरिंगवर. पत्र्यावरून फिरणारा हात. इतकी वर्षं लोकांचे डोळे तपासतोय मी! परक्या बाईंचं मला दारातून कळतं आणि सख्ख्या भावाचं मी सूड म्हणून इथे लिहून ठेवलं.

“कधीपासून, दादा?”

तो उगाच “काय कधीपासून?” करत बसला नाही. “दोन वर्षं होत आली. कडेचं दिसतं. समोर धरलं की जातं. काल तुला किती शोधला रे. शर्ट दिसत होता, तू दिसत नव्हतास. तूच का दुसरा कुणी, कळेना. मग पाय आपटत गेलास तेव्हा खात्री पटली.”

“मला का नाही सांगितलंस? ते दुकान काय फक्त लोकांसाठी आहे?”

“चष्म्याने भागलं असतं तर आलो असतो. भागणार नाही म्हणाले डॉक्टर. मग उगाच येऊन तुला कशाला त्रास? आणि या दोघींनाही मीच शपथ घातली होती. चिडू नकोस तिच्यावर.”

मी त्याचा चष्मा काढून घेतला. डोळे अगदी आबांचे झालेत. फ्रेमच्या काड्या वाकवून सरळ केल्या, नाकावरच्या गाद्या दाबल्या, परत बसवला. बसला नीट. तेवढंच हातात होतं, ते केलं.

“गाडी विकली त्याचं...” तो म्हणाला.

“राहू दे आता.”

“नाही, ऐक. दाराशी उभी असायची. रोज सकाळी दार उघडलं की वाटायचं, आबा आत बसलेत. मला सोसेना रे. तुला विचारलं असतं तर तू नाही म्हणाला असतास.”

“म्हणालोच असतो.”

“म्हणून नाही विचारलं.”

चहा निवला. वहिनींची निळी येऊन माझ्या हिरवीशेजारी थांबली. दादा दोन्हींकडे तोंड करून, मान तिरकी करून बघत राहिला.

“हिरवी केलीस म्हणे.”

“हो. होतीच हिरवी.” मी तयारीत होतो. अकरा वर्षांचं साठलेलं होतं, त्याआधीचं लहानपणापासूनचं होतं.

दादा म्हणाला, “असेल. मला आता दोन्ही करड्याच दिसतात. तू म्हणतोस तर असेल हिरवी.”

जन्मभर हे वाक्य ऐकायची वाट बघितली होती मी. काय वाटलं ते सांगता येत नाही. मी त्याचा दंड धरला आणि म्हटलं, “असं नको ना म्हणूस, दादा. निळी होती म्हण. मूर्ख आहेस म्हण.”

तो नुसता हसला. खांदे हलले नाहीत.

२० फेब्रुवारी, सोमवार

सकाळी उठून गाडीपाशी उभा राहिलो. ऊन पडलं होतं. दाराच्या पत्र्यावर ताल धरून बघितला, डोळे मिटले, आबांची गाडी आठवायचा प्रयत्न केला. आज पहिल्यांदाच रंग आठवेना. निळी असेल का? पुढच्या सीटवर तो बसायचा. त्याला जे दिसायचं ते मला मागून कुठे दिसायचं?

हिला म्हटलं, तुला सगळं माहीत होतं तर एका शब्दाने सांगायचंस. ती म्हणाली, “शपथ होती. तरी किती वेळा तोंडापर्यंत आलं. आणि तुम्ही काय, घड्याळजीला विचारा!” मग रडली. मीही.

२३ फेब्रुवारी, गुरुवार

दुकानात एका गिऱ्हाईकाचा नंबर काढत होतो. सर्वांत खालची ओळ वाचा, म्हणालो, तेवढ्यात फोन वाजला. दादाचा. हॅलो नाही, काही नाही.

“बारक्या, मी नीट विचार केला. निळीच होती. डोळे फुटलेत तुझे.”

आणि ठेवून दिला.

गिऱ्हाईक विचारतंय, “साहेब, ही ओळ वाचू का?” मी म्हटलं, थांबा हो, जरा घाईचं काम आहे. त्या मुलीला काउंटरवर उभं केलं, मागच्या खोलीत गेलो, दार लावून घेतलं आणि त्याला उलटा फोन लावला.